इटलीत भाताची आठवण येत नाही का?

पेणला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडे भाताशिवाय कसे दिवस काढतेस गं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. मी राहते तो व्हेर्चेल्ली जिल्हा भाताचाच आहे.

मिलान आणि तोरिनो यांच्या मधला हा भाग. एप्रिलअखेर खाचरांत पाणी सोडतात, मग नजर जाईल तिथवर पाणीच. बांध तेवढे वर राहतात आणि मधल्या पाण्यात आल्प्समधल्या मोंते रोझा डोंगराचं बर्फ उलटं दिसतं. इथले लोक याला 'चौकटींचा समुद्र' म्हणतात. पहिल्या वर्षी मी गाडी कडेला लावून बांधावर जाऊन बसले होते. चिखलाचा वास अगदी आमच्या शेतातला.

पाणी मात्र आभाळातलं नाही. इटलीच्या एकीकरणाचा सूत्रधार कावूर, त्याची शेती याच जिल्ह्यात, लेरीला होती. तो १८६१ साली गेला आणि त्याच्या नावाचा कालवा १८६३ ते १८६६ या काळात खणला गेला. किवास्सोपाशी पो नदीचं पाणी घेऊन तो सुमारे ८५ किलोमीटर पूर्वेला तिचिनो नदीपर्यंत जातो. वाटेत सेझिया नदी आडवी येते, तिथे तो तिच्या तळाखालून पार होतो! उन्हाळ्यात पो रोडावते, म्हणून पुढे दोरा बाल्तेआ नदीचं पाणीही त्याला जोडलं. ती हिमनद्यांवर पोसलेली, ऐन उन्हात भरून वाहते. तीन वर्षांत फावड्या-कुदळींनी केलेलं हे काम मला जिल्ह्यातल्या कुठल्याही चर्चपेक्षा मोठं वाटतं.

आणि मोठ्या वाटतात त्या मोंदीने. म्हणजे बेणणी करणाऱ्या बायका. मे-जूनमध्ये दूरदूरच्या गावांतून आगगाड्या भरभरून यायच्या आणि चाळीसेक दिवस गुडघाभर पाण्यात वाकून तण उपटायच्या. १९०६ साली व्हेर्चेल्लीत त्यांनी लढून आठ तासांचा दिवस मिळवला. देशभर तसा कायदा यायला १९२३ उजाडलं. पुढे तणनाशकं आली आणि हे काम संपलं.

आर्बोरियो हे इथलंच गाव, त्याच नावाचा तांदूळ. दाणा जाड, पोटात पांढरा ठिपका. वरणाबरोबर तो जमत नाही, पिठाळ होतो. पण शेजारच्या आजी त्याची पानिस्सा करतात. चांगल्या टपोऱ्या घेवड्याच्या बिया, वाइन आणि सॉसेज घालून शिजवलेला तो भात मी दोनदा मागून घेते.

या आजी तरुणपणी मोंदीना होत्या. माझी आईही बेणणी करायची असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला.

"अनवाणीच ना?"

"हो."

"जळवा?"

"हो, त्याही."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.