सेबेंझा घरी आला

शनिवार, रात्री

चाकू आला. क्रिस रीव्ह नावाच्या माणसाच्या अमेरिकी कंपनीचा घडीचा सेबेंझा 31, लहान मापाचा. कित्येक वर्षं ज्याचे फोटो मोबाईलवर मोठे करकरून बघितले तो आता टेबलावर समोर आहे आणि डोळ्यांत झोप नाही.

भाच्यानं अमेरिकेहून येताना चेक-इन बॅगेत घालून आणला. पैसे दिवाळीच्या बोनसमधले आणि ओव्हरटाइमचे, जमेल तसे बाजूला टाकलेले. किंमत बायकोला पहिल्यापासून माहीत होती. ती एवढंच म्हणाली होती, "जीव आहे ना त्यात, मग घ्या. पण घेतला की वापरा. माळ्यावर टाकायला नको."

आईच्या हातात द्यायला गेलो तर तिनं हात मागं घेतला. "हातात नगं देऊस, खाली ठेव." धारेची वस्तू आमच्या घरात कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवला, मग तिनं उचलला. कसा उघडायचा ते विचारलं. अंगठ्यानं पातं बाहेर आलं, बसल्याचा बारीक आवाज झाला, तिनं पातं चिमटीत धरून डावीउजवीकडं हलवून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो ढिला न्हाई." आजोबांचा अडकित्ता तिनं आयुष्यभर वापरलाय, त्याची खीळ ढिली झाल्याला जमाना झाला. तिला नेमकं कुठं बघायचं ते ठाऊक होतं.

डब्यात एक छोटं कार्ड निघालं. त्यावर या चाकूची जन्मतारीख आहे. मी ते कार्ड बराच वेळ धरून बसलो. कोल्हापूरजवळ शिरोलीत आमच्या कारखान्यातही कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या मालावर, हीट नंबर पडतो, पण तो कशासाठी, तर माल परत आला तर कुठल्या भट्टीतला ते सापडावं म्हणून. इथं तारीख कौतुकानं घातली आहे.

माझ्याकडं चाकू नव्हते असं नाही. व्हिक्टोरिनॉक्स आहे, लाकडी मुठीचा ओपिनेल आहे. त्याची गळ्यापाशी फिरणारी लोखंडी कडी मला फार आवडते, ती 1955 पासून आहे. चप्पल लाइनमधल्या एका कारागिरानं दिलेली चामडं कापायची जुनी रापी आहे, झिजून बोटाएवढी राहिलेली. पण ते सगळं आपोआप जमत गेलं. हा एकच ठरवून घेतला.

सोमवारी कंपनीतली पोरं विचारणारच, म्हणून लिहून ठेवतो. हा खटक्याचा चाकू नव्हे, बटण दाबलं की पातं उडत नाही. शस्त्र नियम 2016 मध्ये परवान्याची गोष्ट येते ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना, आणि याचं पातं तीन इंचांच्याही किंचित आत आहे. तरीही अंबाबाईच्या देवळात, कोर्टात किंवा विमानात जाताना हा खिशात असणार नाही. चांगल्या वस्तूवर संशयाची नजर पडू द्यायची नाही, हे मालकाच्या हातात आहे.

रविवार

सकाळी अंघोळ करून टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि पूर्ण खोलला.

कित्येक ठिकाणी स्क्रूला हात लावला की हमी संपते. क्रिस रीव्हची रीत उलटी. मालकानं खोलावा, पुसावा, ग्रीस लावून परत जोडावा, असंच धरलेलं आहे. हा माणूस मूळचा दक्षिण आफ्रिकेतला आणि शिकलेला धंदा टूल अँड डाय मेकरचा, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे मापात बनवणाऱ्याचा. हे मला आधी माहीत नव्हतं तेव्हाही फोटो बघून वाटायचं की हे लोहाराचं काम नाही, टूलरूममधलं आहे. पहिला सेबेंझा 1987 मध्ये तिकडंच झाला, 1989 मध्ये तो कुटुंबासकट अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉइझीला गेला.

फडक्यावर जे पडलं ते मोजकं: टायटॅनियमच्या दोन पट्ट्या, पातं, फॉस्फर ब्राँझचे दोन वॉशर, पात्याच्या भोकातला बुश म्हणजे छोटी पोकळ नळी, पातं ज्यावर फिरतं तो पिव्होट, एकदोन पिना. वॉशरला बारीक भोकं आहेत, ग्रीस त्यात धरून राहतं.

त्या बुशपाशी मी थांबलो. माझे पैसे इथं गेले आहेत.

साध्या घडीच्या चाकूत पातं दोन पट्ट्यांच्या मध्ये एका स्क्रूवर धरलेलं असतं. स्क्रू आवळला की पातं जड होतं, सैल केला की डुलतं. मधली जागा हातानं शोधायची, ती चार दिवसांत परत हलते. सेबेंझात ही ओढाताण मुळातूनच काढून टाकली आहे. स्क्रू आवळला की दोन्ही पट्ट्या येऊन बुशवर टेकतात, त्यापुढं जायला जागाच नाही. पातं आणि वॉशर त्या बुशभोवती, उरलेल्या जागेत. स्क्रू शेवटपर्यंत आवळा, पातं तितकंच हलकं फिरतं आणि आडवं हलत नाही. मी आवळला, फिरवलं. परत खोलला, परत आवळला. तेच.

कागदावर काढायला सोपं आहे. पण बुशची लांबी ही पात्याची जाडी अधिक दोन वॉशर, यापेक्षा काही मायक्रॉनच, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भागच, जास्त पाहिजे. थोडी अजून वाढली तर पातं खुळखुळणार, कमी पडली तर जाम. म्हणजे चारही वस्तू मापात हव्यात, नुसत्या मापात नव्हे तर दोन्ही तोंडं समांतर. त्यात पातं हार्डनिंगमधून, म्हणजे तापवून कडक करण्यातून आलेलं, म्हणून थोडंफार वाकलेलं असतंच. ते परत ग्राइंड करून सपाट करायचं, आणि ग्राइंड करताना तापू द्यायचं नाही. सरफेस ग्राइंडरसमोर उभा राहिलेल्या माणसाला ही मागणी काय आहे ते सांगावं लागत नाही. आणि हे सगळं करायचं कुठं, तर चाकू जोडल्यावर कुणालाच दिसणार नाही अशा जागी.

उघडलेलं पातं मिटू न देणारा लॉकही असाच साधा. आधी मायकेल वॉकरचा लायनर लॉक होता, मुठीच्या आत एक पातळ पत्रा, तो बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली येतो. रीव्हनं वेगळा पत्रा काढूनच टाकला. उजवीकडच्या पट्टीलाच लांब चीर दिली आणि तो भाग आत दाबला. पट्टी हीच स्प्रिंग, पट्टी हीच मूठ, आणि तुम्ही जितकी घट्ट मूठ धराल तितका लॉक घट्ट बसतो. आज जगभरचे चाकूवाले ही पद्धत वापरतात. या 31 मध्ये टायटॅनियम थेट पोलादावर टेकत नाही, मध्ये सिरॅमिकची गोळी आहे. टायटॅनियमला चिकटायची खोड आहे, मशीनिंग करताना टूललासुद्धा चिकटतं, त्यावर हा इलाज. तीच गोळी चाकू मिटलेला असताना पातं आत धरून ठेवते. एका गोळीकडून दोन कामं.

दुपारी जेवायला चारदा हाक मारावी लागली म्हणे. मला एकदाच ऐकू आली.

सोमवार

लिंबू कापलं. रश्शासाठी आईनं मागितलंच होतं, म्हटलं विळी राहू दे. पातं मुद्दाम तसंच ओलं ठेवलं, रात्री बघितलं तर डाग नाही. अडकित्ता एवढ्यात काळा झाला असता.

बुधवार

कामावरून सुटल्यावर शिवाजी उद्यमनगरात मिस्त्रीकडं गेलो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. दोन मशीनची जागा, एक सरफेस ग्राइंडर, वय साठीच्या पुढं, आणि हात असा की मी त्यांच्या मापावर कधी दुसऱ्यांदा गेज लावत नाही.

चाकू त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आधी चिंधीनं हात पुसले. उघडला नाही. पट्टीवर सरळकाठ धरून उजेडाकडं बघितलं. मग पलटून दुसरी बाजू. मग म्हणाले, "ह्ये कुणी केलंय रं? बसून केलंय."

किंमत सांगितली. मला वाटलं होतं नावं ठेवतील. ते म्हणाले, "बरोबर हाय."

मग पोलादाची गोष्ट निघाली, आणि चहा दोनदा आला. पातं मॅग्नाकटचं आहे. हे पोलाद लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञानं तयार केलं, 2021 मध्ये बाहेर आलं. त्याचे वडील डेव्हिन थॉमस पात्यांसाठी दमास्कस पोलाद घडवणारे, म्हणजे पोरगा लहानपणापासून हातोड्याच्या आवाजातच वाढला असणार. मिस्त्रींना मी सांगितलं, यात क्रोमियम साधारण 10.7 टक्के. त्यांनी लगेच पकडलं. "आपल्या डी-टूला बारा असतंय की. त्ये तर गंजतंय!"

बरोबर आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे. डी-टू हे टूलरूममधलं नेहमीचं पोलाद, त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. तो कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या कडक संयुगाचे, मोठे मोठे खडे करतो. तेवढं क्रोमियम खड्यांत अडकलं, गंज अडवायला उरलं कमी. शिवाय खडे मोठे म्हणून धारेचे टवके उडायला कारण. मॅग्नाकटमध्ये हिशेब असा बसवला आहे की कार्बाइड होतात ते फक्त व्हॅनेडियमचे आणि निओबियमचे, एकदम बारीक. क्रोमियम सगळं मोकळं राहतं. आकडा कमी असून गंज लागत नाही आणि पातं चिवटही राहतं.

शिवाय ते ओतून केलेलं नाही. वितळलेल्या पोलादावर गॅसचा झोत मारून त्याची पावडर करतात आणि ती उष्णता आणि दाबाखाली परत एक करतात. एकेक कण क्षणात गोठतो, त्यामुळं कार्बाइडला वाढायला वेळच मिळत नाही. फाउंड्रीच्या गावात हे समजावायला लागत नाही. जाड कास्टिंग सावकाश गार झालं की मधल्या भागात काय होतं ते आम्ही रोज कापून बघतो.

मिस्त्री म्हणाले, मग जुन्या तलवारींवर लाटा दिसतात त्या कसल्या? त्याही कार्बाइडच्याच ओळी. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत केलेलं वूट्झ पोलाद देशोदेशी जायचं, त्याच्या पात्यांवर त्या लाटा उमटायच्या. धातुशास्त्रज्ञ व्हर्होवेन आणि चाकू घडवणारा पेंड्रे या दोघांनी तपासून दाखवलं की त्या ओळी जमायला खनिजातून आलेला व्हॅनेडियमचा अंश कारण असावा. तोच व्हॅनेडियम. तिथं त्यानं कार्बाइडला ओळीत उभं केलं, इथं त्यालाच कामाला लावून कार्बाइड दिसेनासे केले. मला हे सांगताना अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग जे म्हणाले ते माझ्याही मनात शनिवारपासून होतं. "आपण काय कमी मायक्रॉनात काम करतो व्हय? पर नाव कुठं हाय आपलं?"

शिरोलीत, गोकुळ शिरगावात, या उद्यमनगरात जे पार्ट होतात ते ट्रॅक्टरमध्ये, गाड्यांमध्ये, पंपांत बसतात. माप चोख असतं, नसेल तर लॉट परत येतो. पण तो पार्ट कुणी केला हे बॉनेट उघडणाऱ्याला कळत नाही. शेवटची वस्तू, खिशात मावेल अशी, करणाऱ्याच्या नावाची, आमच्याकडून बाहेर पडत नाही. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना बरोबर घेऊन सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः बनवला. त्या कॅमेऱ्याचं काम काय बुशपेक्षा सोपं होतं? हात तेव्हाही होते, आजही आहेत. क्रिस रीव्हकडंही सुरुवातीला हातच होते, तेही टूलरूमचे. मला कमी दिसतं ते हे की एखादी वस्तू घेऊन आयुष्यभर तीच सुधारत बसायची मुभा आमच्या माणसाला कुणी दिली नाही. ऑर्डर येते, ड्रॉइंग येतं, मुदत येते. सेबेंझा चाळीस वर्षं होत आली तरी तोच चाकू आहे, फक्त दर वेळी कुठंतरी बारीक काहीतरी बरं केलेलं. तेवढा वेळ एका वस्तूला द्यायचा म्हणजे आधी कुणीतरी तिची खरी किंमत मोजायला तयार पाहिजे. मी ती मोजली, पण बॉइझीला. उद्यमनगरातल्या कुणी केला असता तर त्यालाही मोजली असती, हे मी मिस्त्रींना तोंडावर सांगितलं.

त्यांनी जॉबकार्ड उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. टायटॅनियम नको, लॉकही आत्ता नको म्हणाले. आधी नुसतं पातं, बुश आणि दोन वॉशर, दोन पट्ट्यांच्या मध्ये. ते फिरलं तर पुढचं बघू. डी-टूचा तुकडा त्यांच्याकडं पडलाय, हार्डनिंगला दुसऱ्या लॉटबरोबर जाईल. फॉस्फर ब्राँझचा पत्रा मी बघायचा. अर्धा मिलिमीटरपेक्षा पातळ आणि सपाट, वळकटीतला नको.

मापं घ्यायला सेबेंझा रविवारपर्यंत त्यांच्याकडं ठेवून आलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, कुठाय? सांगितलं. आई आतून म्हणाली, "मग आडकित्ताबी न्हे की. त्याची खीळ बगत्यात काय इचार." उद्या विचारतो.