पहाटे तीनला उठणारे पाव्हणे: आमच्या भजन मंडळाची मॉरिशसवारी

आमच्या मंडळात बारा बाया आणि दोन पुरुष आहेत. पुरुष म्हणजे पेटीवाले काका आणि तबल्यावरचा त्यांचा पुतण्या. गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी जवळच, त्यामुळे खंजिरी आम्ही शिकलो असं म्हणता येत नाही, ती कानावर पडतच मोठ्या झालो. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात मॉरिशसचं एक मराठी कुटुंब आलं होतं. आमचं भजन ऐकून त्यातल्या ताई म्हणाल्या, "गणपतीत आमच्याकडे या, आमच्याच घरी राहा." असं सगळेच म्हणतात. पण तीन महिन्यांनी माझ्या सेवा केंद्राच्या ईमेलवर खरंच पत्र आलं.

गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते, म्हणजे कागदपत्रांचं सगळं माझ्याच गळ्यात. दुसऱ्या कुठल्या मंडळाचा असा बेत असेल तर त्यांच्या कामी यावं म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी पासपोर्ट. आमच्या चौदा जणांत नऊ जणांचा वाढदिवस १ जानेवारी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकली ती तारीख. ती सगळ्या कागदांवर सारखी असेल तर काही अडत नाही. अडतं ते आधारवर नुसतं जन्मवर्ष असलं की, टीसीवर माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं असलं की, नाहीतर एकीकडे "बाई" आणि दुसरीकडे नुसतं नाव असलं की. आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन, मगच पासपोर्टचा अर्ज. फी १५०० रुपये आहे, आणि अर्ज फेटाळला गेला तर ती परत मिळत नाही. नागपूर पासपोर्ट कार्यालयाची तारीख मिळणं, पोलीस पडताळणी, हे सगळं धरून सहा महिने हातात ठेवा. आम्ही चार ठेवले होते, शेवटचे तीन आठवडे मला झोप नव्हती.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीला बाहेर जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल, असा शेरा येतो. आमच्यातल्या तिघींच्या आला आणि गावात बोभाटा झाला की यांना विमानात बसू देणार नाहीत. तसं काही नसतं. तो शेरा ठरलेल्या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, मॉरिशस त्यात नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना तर तो लागतही नाही. व्हिसाही आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, जिथे राहणार त्या घरचं पत्र आणि प्रवासाआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, एवढं लागतं. मात्र फिरायला म्हणून जाताय, तर तिथे गाण्याचे पैसे घेऊ नका. आम्ही ओटी घेतली, बिदागी घेतली नाही.

तिकिटाचे पैसे काहींनी बचतगटातून उचलले, काहींनी कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला ठेवले होते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "समुद्रापार जाऊन भजन म्हनाले काय आपल्या गावात देव नाही?" त्यांना मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकूंनी उत्तर दिलं, "महाराज नाही का गेले १९५५ ले जपानले? मंग?" त्यानंतर घरात कोणी बोललं नाही.

तारखा मात्र आम्ही चुकीच्या धरल्या. २७ ऑगस्टला गणेशचतुर्थी, दुसऱ्या दिवशी तिकडे सार्वजनिक सुट्टी आणि विसर्जन, आणि ३१ ला आपल्याकडे महालक्ष्म्या. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्या चौघींचा जीव सगळी वारी टांगणीला होता. तान्हा पोळा आटोपून त्याच रात्री बडनेऱ्याहून गाडीत बसलो आणि ३१ च्या सकाळी परत बडनेऱ्यालाच उतरलो. दुपारी मुखवटे मांडायचे होते! वावरात कपाशीचं निंदण तसंच पडलं होतं, ते वेगळंच. आमचं ऐकाल तर मे महिन्यात जा. तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस असतात, मेपासून थंडी सुरू होते, आणि आपल्याकडे पेरणीला अजून अवकाश असतो. गणपती हुकेल, पण डोकं शांत राहील.

सामानाचं सांगते. जुन्या दोन खंजिऱ्या घोरपडीच्या कातड्याच्या होत्या, काकूंच्या सासऱ्यांच्या वेळच्या. त्या घरीच ठेवल्या. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, असलं कातडं विमानतळावर सापडलं तर भजन तिथेच संपेल. बकऱ्याच्या कातड्याचीही तिकडे चौकशी होऊ शकते. आम्ही फायबरच्या, प्लॅस्टिकचा पडदा असलेल्या खंजिऱ्या घेतल्या. आवाज जरा पत्र्यासारखा येतो, पण तिथल्या दमट हवेत त्या उतरल्या नाहीत, शेकत बसावं लागलं नाही.

तबल्याची हातोडी पुतण्यानं खांद्यावरच्या पिशवीत ठेवली होती. मुंबईच्या तपासणीत ती गेली. हातोडी, चिमटा, कात्री, सुरी मोठ्या सामानातच घाला. टाळांच्या जोड्याही तिथेच बऱ्या, नाहीतर प्रत्येक यंत्रापुढे पिशवी उघडून दाखवावी लागते. पेटी वाकळीत गुंडाळून लाकडी खोक्यात दिली होती, तरी उतरल्यावर भात्याचा एक खटका तुटलेला निघाला आणि एक सूर अडकून बसला. काकांनी ज्या तोंडानं ते खोकं उघडलं ते मला अजून दिसतं. तिथल्या मंडळाकडे कीबोर्ड होता, तोच वापरला. पेटी नेणार असाल तर तिकडे दुसरी आहे का हे आधी विचारा, आणि असेल तर आपली नेऊच नका. महागाचं वाद्य असेल तर निघताना मुंबईच्या कस्टममधून कागद करून घ्या, म्हणजे परतताना ते इथूनच नेलं होतं हे सिद्ध करावं लागत नाही.

खर्रा, म्हणजे आमच्याकडची घोटलेली तंबाखू-सुपारी. यावर जास्त बोलत नाही. दोघींना आणि पुतण्याला मी बडनेऱ्याच्या फलाटावरच पिशव्या रिकाम्या करायला लावल्या. त्यातल्या एकीनं दोन दिवस तोंड फुगवून ठेवलं होतं, तिसऱ्या दिवशी बडीशेपेवर आली.

बियाणं, फळं, रोपं यांबाबत तिकडचे लोक फार कडक आहेत. काकूंना यजमानांना दाखवायला झाडावरचं कापसाचं बोंड न्यायचं होतं. मी नाही म्हटलं, त्यात सरकी असते. मग त्यांनी आठ दिवस बसून घरच्या कापसाची सरकी हातानं काढली आणि वाती वळल्या. फुलवाती वेगळ्या, लांब वाती वेगळ्या, वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून. बाकीच्यांनी स्टीलचे डबे, ब्लाऊजपीस असलं घेतलं होतं. ते सगळं तिथे मिळतं.

विमान साधारण सहा तासांचं. उतरल्यावर अधिकारी विचारतात, कुठे राहणार. काकू म्हणाल्या, "ताईच्या घरी." कोणती ताई, ते सांगता येईना. तेव्हा प्रत्येकीच्या पासपोर्टमध्ये यजमानाचं नाव, पत्ता आणि फोन इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मी ती केली होती, पण एकाच कागदावर सगळ्यांची, आणि तो कागद माझ्याजवळ, आणि मी रांगेत मागे.

आता घरांबद्दल. सात घरांत आम्ही दोघी-दोघी वाटल्या गेलो, काका-पुतण्या एकत्र. मॉरिशसचे मराठी लोक मूळचे बहुतेक कोकणातले, पाच-सहा पिढ्यांपूर्वी गेलेले. घरात बोलतात क्रिओल. तरुण पोरं मराठी शाळेत शिकलेली, काही मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत. त्यांचं मराठी पुस्तकासारखं शुद्ध आणि आमचं हे असं. "काय करून राहिल्या?" असं काकूंनी विचारलं की आमच्या यजमानांची पोरगी "राहिल्या" म्हणजे कुठे राहिल्या, याचा विचार करत बसायची. काकू आणि मी उतरलो त्या घरच्या आजींना आरत्या तोंडपाठ, पण सगळ्या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता, आणि चाल आमच्यापेक्षा संथ, कोकणातली. एवढे शब्द शिकून जा: "कि मान्येर" म्हणजे कसं काय, "मेर्सी" म्हणजे आभारी आहे, "दिलो" म्हणजे पाणी, "कोरेक" म्हणजे ठीक.

पहिली रात्र. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. काकूंना आणि मला गावी साडेचारला उठायची सवय, ध्यानाला बसायचं म्हणून. म्हणजे तिथे तीन. काकू उठल्या, नळ सोडला, आंघोळ केली, मग झाडू शोधून पुढचं अंगण झाडायला लागल्या. शेजारचं कुत्रं भुंकलं, मग त्याच्या शेजारचं. घरमालक दादा बॅटरी घेऊन बाहेर आले, पाहतात तर अंधारात नऊवारीतली एक म्हातारी झाडू मारते आहे. ते काही बोलले नाहीत. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चहा ठेवू?" त्यांना सातच्या आत कामावर निघायचं होतं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढच्या तिन्ही रात्री मी काकूंच्या पलंगाच्या दाराकडच्या बाजूला झोपले. जाग आली तरी पडून राहायचं, साडेपाचच्या आधी दिवा नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

दुसरी चूक अशी की संध्याकाळ झाली की आमच्या बाया आपापली घरं सोडून एकाच घरी जमायच्या, गावातल्या ओट्यासारख्या. त्या घरच्या वहिनींनी तीन संध्याकाळी चौदा जणांचा चहा केला. दुसऱ्या घरांतले यजमान मात्र जेवण करून वाट पाहत बसलेले. ज्यांनी घर दिलं त्यांना संध्याकाळ द्यावी लागते. तिसऱ्या दिवशी ताईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, आणि सांगितलं ते बरं केलं.

जेवणाचं आधी लिहून कळवा. आमच्यात आठ माळकरी. गणपतीचे दिवस म्हणून तिथल्या घरांतही शाकाहार होता, पण एरवी मासे असतात आणि केकमधल्या अंड्याला कोणी अंडं मोजत नाही. सकाळी पाव-लोणी. दोन दिवसांनी बाया भाकरीसाठी कासावीस झाल्या, तेव्हा काकूंनी त्यांच्या स्वयंपाकघरात झुणका केला. भाजकं पीठ आणि तिखट पॅक केलेलं, लेबल असलेलं नेलं होतं. मात्र "आम्हीच करतो" असं दुसऱ्याच्या चुलीपुढे एकदम म्हणू नका, एक दिवस थांबा. ढोलपुरी नावाची डाळ भरलेली मऊ पोळी रस्त्यावर मिळते, ती जरूर खा. आमच्यातली एक म्हणाली, "पुरनपोळीत गूळ टाकाले इसरले वाटते." पण तिनंच चार खाल्ल्या.

किरकोळ गोष्टी. आपले चार्जर तिथल्या चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, दोन-तीन अडॅप्टर न्या. प्लॅस्टिकचा मग न्या, लाजू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह. शाल हवीच, ऑगस्टमध्ये डोंगराकडच्या गावांत बऱ्यापैकी गारठा आणि झिमझिम असते.

कार्यक्रमाचं थोडक्यात. गावाकडे आम्ही एक भजन वीस मिनिटं चालवतो, तिथे सहा-सात मिनिटं बास. प्रत्येक भजनाआधी ताईंची मुलगी दोन वाक्यं क्रिओलमध्ये सांगायची, त्यानं मोठा फरक पडला. खंजिरी माइकपासून चार हात लांब ठेवा. आमचा सूर काळी पाच, त्यांचा बराच खाली. एकत्र आरतीला आधी सूर ठरवला नाही, तर पहिल्या कडव्याला सगळ्यांचे गळे फाटले. त्यांनी घुमट वाजवून झाकरी नाच केला. कोकणातली ती चीज आमच्यातल्या एकीनंही कधी पाहिली नव्हती, मॉरिशसला जाऊन पाहिली.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट चुकवू नका. १८३४ पासून पुढे भारतातून जवळजवळ पाच लाख मजूर करारावर या बेटावर आले, ते इथे उतरले. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. दगडी पायऱ्या आहेत, सोळा. आमच्यातल्या दोघी रोज निंदणाला जाणाऱ्या. त्यांनी पायरीशी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाची तोडणी चालू होती, तर एकीनं ताईंना विचारलं, "रोजी काय पडते येथी?"

काकूंच्या वातींचं राहिलं. चतुर्थीच्या सकाळी आजी पाकिटातल्या विकतच्या वाती काढत होत्या. काकूंनी पुडी पुढे केली. आजींनी एक वात बोटात धरली, उलटीपालटी केली, मग खुणेनं विचारलं, कशी केली? काकूंनी उरलेला कापूस काढला, चिमूटभर पिंजला, तळहाताला जरा दूध लावलं आणि मांडीवर वळून दाखवली. आजींची पहिली वात गाठीगाठीची झाली, दुसरी बरी. दोघींना एकमेकींचं बोलणं धड कळत नव्हतं. तासभर तरी त्या तिथे बसल्या होत्या, आणि पूजेला उशीर झाला म्हणून दादा दोनदा डोकावून गेले.

दसऱ्यानंतर ताईंचा फोन आला. आजी विचारतात, वाती संपत आल्या, आता काय करायचं? परवा काकूंच्या वावरात सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, झाली. पहिल्या वेचणीचा कापूस त्यांनी एका धुतलेल्या उशीच्या खोळीत भरून वेगळा ठेवला आहे, आणि पार्सलनं वाती पाठवता येतात का, ते मला केंद्रावर येऊन रोज विचारतात.