तुम्ही विचारलंत म्हणून : पार्टी कशी आहे, हे कुठं बघायचं?

शेअर घेण्याआधी कंपनीची विक्री, नफा, पीई (भाव एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट) सगळं मोबाइलवर दिसतं. पण कंपनी चालवणारी माणसं कशी आहेत, हे सोलापुरात बसून कसं कळणार? मुंबईच्या फंडवाल्यांना मालक भेटतो, आपल्याला कोण भेटणार? हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

भेटायची गरज नाही. भेटीत गोड बोलणारा आवडून जातो आणि हिशेब बाजूला पडतो. सुताचा व्यापारी यंत्रमागवाल्याला उधारीवर माल सोडण्याआधी काय चौकशी करतो ते आठवा. पेमेंट किती दिवसांत येतं? भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर दुसरी फर्म आहे का? माग कुणाकडं गहाण आहेत का? शेअर घेतानाही हेच विचारायचं असतं. नोंदणीकृत कंपनीला याची बरीचशी उत्तरं लेखी द्यावी लागतात, आणि ती बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावर फुकट मिळतात.

सुरुवात ५ वर्षांपूर्वीच्या वार्षिक अहवालापासून करा, यंदाच्या नव्हे. अध्यक्षांच्या निवेदनात जिथं आकडा किंवा मुदत आहे तेवढीच वाक्यं वहीत उतरवून घ्या : नवा कारखाना केव्हा सुरू होणार, कर्ज किती कमी करणार, कोणता माल बाजारात आणणार. मग पुढचे अहवाल घेऊन प्रत्येक वाक्यापुढं काय झालं ते लिहा. कारखान्याला उशीर झाला हा गुन्हा नाही. परवानगी अडकते, यंत्रं उशिरा येतात. का झाला आणि किती पैसे जास्त लागले, हे मालकानं स्वतःहून लिहिलंय का, ते बघा. जुना बेत एकही शब्द न बोलता गायब झाला आणि त्याच्या जागी त्या वर्षी चलतीत असलेला नवा धंदा आला, तर मी ती फाइल तिथंच मिटवतो.

दुसरी गोष्ट रोकड, आणि इथं घाई करू नका. १० वर्षांचा करोत्तर नफा बेरजेला घ्या. रोख प्रवाहाच्या पत्रकात धंद्यातून आलेली रोकड असते, तिचीही १० वर्षांची बेरीज करा. समजा नफा ४०० कोटी आणि रोकड ११० कोटी निघाली. या पत्रकात घसारा (यंत्रांची झीज म्हणून नफ्यातून वजा केलेली, पण रोखीनं बाहेर न गेलेली रक्कम) परत मिळवलेला असतो आणि कर्जाचं व्याज बहुधा खालच्या भागात जातं, म्हणजे धड चालणाऱ्या कारखान्यात रोकड नफ्यापेक्षा जास्तच दिसायला हवी. मग उरलेले पैसे गेले कुठं? बहुतेक वेळा उधारीत आणि गोदामात. येणं रक्कम भागिले वार्षिक विक्री गुणिले ३६५ करा. आकडा दरवर्षी चढत असेल, ७० दिवस, मग ९५, मग १४०, तर एक तर माल पार्ट्यांच्या गळ्यात मारला जातोय किंवा विक्रीच कागदावरची आहे. झपाट्यानं वाढणाऱ्या धंद्यात काही काळ पैसा अडकतो, तेवढी सूट द्या. बँका आणि वित्त कंपन्यांना मात्र ही तपासणी लावू नका, त्यांचं दिलेलं कर्जच इथं वजा होत असतं.

बँकेत पडून असलेल्या पैशाचीही परीक्षा घ्या. सरासरी ५०० कोटींच्या ठेवी असतील तर ६ टक्क्यांनी ३० कोटी व्याज यायला हवं. ८ कोटीच दिसत असेल तर पैसा वर्षभर तिथं नव्हता, फक्त ३१ मार्चला होता, अशी शंका घ्या. पण एवढ्यावर विसंबूही नका. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. आणि ३७६ कोटींचं येणं व्याजही खोटंच होतं. काही महिने आधी याच कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता, संचालक मंडळावर नामवंत प्राध्यापक होते. माणसं खडबडून जागी झाली ती डिसेंबर २००८ मध्ये, राजूंच्या घरच्याच दोन मेटास कंपन्या सत्यमच्या पैशानं विकत घ्यायचा ठराव झाला तेव्हा. भागधारकांनी ओरड केली आणि बेत काही तासांत मागं घ्यावा लागला.

म्हणून संबंधित पक्षांच्या, म्हणजे मालकाच्या नात्यातल्या माणसांशी आणि फर्मशी झालेल्या, व्यवहारांची टीप (हिशेबाला जोडलेला खुलासा) ओळ न ओळ वाचा. ती अहवालाच्या शेवटी शेवटी असते आणि तिथंच बहुतेकांचा वाचायचा उत्साह संपतो. संचालकाच्या पत्नीला जागेचं भाडं, मुलाच्या फर्मकडून कच्चा माल, गटातल्या दुसऱ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज, नावाच्या वापराबद्दल रॉयल्टी. यातलं थोडंफार बऱ्याच घरांच्या कंपन्यांत असतं, पण दरवर्षी विक्रीच्या मानानं ते वाढतंय का, ते बघा. पगाराचंही तसंच. एका व्यवस्थापकीय संचालकाला निव्वळ नफ्याच्या ५ टक्के आणि सगळ्या संचालकांना मिळून ११ टक्के ही कंपनी कायद्याची सर्वसाधारण मर्यादा आहे, त्यावर जायचं तर भागधारकांची मंजुरी लागते. नफा घटला त्याच वर्षी पगार वाढवून घेणारा मालक मला नको वाटतो, मग कारखाना कितीही चकाचक असो.

आता आपल्याकडच्या कारखानदारांना चटकन समजेल अशी एक जागा. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) घेणाऱ्या प्रत्येकानं बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालसाठ्याचं पत्रक, दिलेलं असतं. मोठ्या कंपन्याही देतात. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात, ५ कोटींवरच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी, बँकेला दिलेली तिमाही पत्रकं वहीखात्याशी जुळतात की नाही, हे लिहावं लागतं. साधारण दुसऱ्याच कलमात ते सापडेल. एखाद्या तिमाहीत किरकोळ फरक चालतो, हिशेब पक्के व्हायचे असतात. चारही तिमाहींत बँकेला साठा जास्त आणि वहीत कमी असेल, तर जो माणूस बँकेला खरं सांगत नाही तो तुम्हाला काय सांगणार? लेखापरीक्षकानं मुदत संपण्याआधी, निकालाच्या तोंडावर राजीनामा दिला असेल तर कारण काहीही छापलेलं असो, थांबा. वित्त अधिकारी २-३ वर्षांत दोनदा बदलला असेल तरी हेच.

प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनीच्या मालकांचे, शेअर गहाण आहेत का, हे दर तिमाहीनंतर २१ दिवसांत येणाऱ्या भागधारणेच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात असतं. भाव पडला की सावकार गहाण शेअर विकतो आणि भाव आणखी पडतो, म्हणून हा रकाना वाढताना दिसला की मी बाहेर राहतो.

गावच्या कंपनीचाही विषय निघतोच. बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या सोलापूरच्या कंपन्या बाजारात आहेत आणि त्यांचा अभिमान वाटणं साहजिक आहे. पण चिंचोळी एमआयडीसीतला गेट रोज दिसतो म्हणून टीपा वाचायच्या राहू नयेत. आणि आत काम करणाऱ्या ओळखीच्यानं जाहीर न झालेली बातमी सांगितली तर तिच्यावर व्यवहार करू नका, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली तो गुन्हा आहे. त्यालाही गोत्यात आणाल.

हे सगळं करून शंका उरली तर एक शेअर घ्या. एका शेअरवरही वार्षिक सभेची सूचना येते, सभा बहुतेक ३० सप्टेंबरच्या आत होते आणि हल्ली अनेक कंपन्या ती व्हिडिओवर घेतात. बोलण्यासाठी नाव आधी नोंदवावं लागतं, ईमेलचा पत्ता सूचनेतच असतो. एकच प्रश्न पाठवा, टीपेचा क्रमांक आणि रक्कम घालून : अमुक फर्मला दिलेल्या कर्जावर व्याज किती आकारलं आणि मुद्दल केव्हा येणार? सभेत अध्यक्ष आकडा सांगतात, की धन्यवाद मानून पुढच्या वक्त्याकडं वळतात, ते ऐका.