मोहाचपाशी याहून जास्त गेलं

बाटली फुटली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. जर्दाळूच्या जॅमची, जुलैत घरी केलेली, झाकणावर कापडाची टोपी बांधलेली. पावाला लावायला म्हणून मी ती फळीवरून काढली आणि ओल्या हातातून सुटली. स्वयंपाकघरातल्या लाल-पांढऱ्या फरशीवर तो केशरी गोळा काचांसकट पसरला आणि मी जिथल्या तिथे उभी. परक्या देशात, परक्या घरात, सत्तरीच्या बाईने उन्हाळ्यात घाम गाळून केलेली वस्तू. मला रडूच आलं.

नेनी आतून आल्या. (हंगेरीत वडीलधाऱ्या बाईला नेनी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं.) त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, कुठे कापलंय का ते बघायला. केरसुणी घेतली आणि वाकता वाकता म्हणाल्या, "त्योब्ब इश वेसेत्त मोहाचनाल."

माझी आजी असती तर म्हणाली असती, फुटली तर फुटली, इडापिडा टळली. सूर अगदी तोच होता. म्हणून शब्द कळले नाहीत तरी अर्थ पोचला. शब्दांचा अर्थ त्यांनी नंतर मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या फोनच्या मदतीने सांगितला: मोहाचपाशी याहून जास्त गेलं. (मोहाच म्हणजे ते गाव, जिथे हंगेरी एक फार मोठी लढाई हरली.)

बुडापेस्टमधल्या माझ्या बारा दिवसांपैकी मला आठवतात ते या वाक्याचे दिवस. पार्लमेंट पाहिलं, बुडाचा किल्ला पाहिला, सेचेनीच्या गरम पाण्यात उतरले आणि गर्दी बघून अर्ध्या तासात बाहेर आले. बाकी वेळ मी नेनींच्या गॅलरीत बसून ते वाक्य घोटत होते. जुन्या इमारतीत मधे चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याची गॅलरी आणि तिच्यावर उघडणारी सगळ्यांची दारं. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटणं शक्यच नाही. हॉटेलात राहिले असते तर हे वाक्य मला मिळालंच नसतं, याची मला खात्री आहे.

पहिला शब्द सगळ्यात अवघड. ओठ 'ओ'चे करायचे आणि जीभ 'ए'ची ठेवायची. नेनी माझ्या तोंडासमोर बोट धरून ओठ गोल करायला लावायच्या. जोर दर वेळी पहिल्या अक्षरावर. 'इश' म्हणजे आपला 'ही' किंवा 'सुद्धा'. आणि 'मोहाचनाल'मधला 'नाल' कळला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण तो आपल्या 'पाशी'सारखा गावाच्या नावाला मागून चिकटतो. मोहाचनाल, मोहाचपाशी. इंग्रजीत त्याचे दोन सुटे शब्द होतात, मराठीत हंगेरियनसारखा एकच.

मग मी ते वापरत सुटले. ट्राम डोळ्यांदेखत निघून गेली, शेजारी उभ्या आजोबांना म्हटलं. ते खळखळून हसले आणि पुढची ट्राम येईपर्यंत माझ्याशी भराभर हंगेरियन बोलत राहिले. मंडईत पिशवी फाटून पीच गडगडले, तिथेही म्हटलं. विक्रेत्या बाईने दोन पीच जास्तीचे टाकले. परक्या भाषेतलं एक वाक्य माणसांचे चेहरे इतके बदलतं, हे मी याआधी कधी अनुभवलं नव्हतं.

आणि मग माझी चूक झाली. संध्याकाळी गॅलरीत समोरच्या बाई जिरेनियमच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. नेनींशी बोलता बोलता त्यांनी मलाही सांगितलं, बालातोन तलावाकाठचं त्यांच्या आईचं घर त्या आठवड्यात विकलं गेलं. मी लगेच म्हटलं, त्योब्ब इश वेसेत्त मोहाचनाल. उच्चार त्या दिवशी पहिल्यांदा बिनचूक आला होता. बाईंनी मान हलवली, झारी खाली ठेवली आणि आत गेल्या.

नेनी रागावल्या नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात बोरापुरतं अंतर ठेवून म्हणाल्या, "एवढ्याला." मग दोन्ही हात पसरून मान हलवली. एवढ्याला नाही. जॅमला चालतं, आईच्या घराला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बाईंच्या दारात फुलं घेऊन उभी राहिले. त्यांनी गालाला गाल लावला. पण ती झारी खाली ठेवल्याचा आवाज मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर मोहाचला गेल्याशिवाय राहवेना. बसने दक्षिणेला, दोन्ही बाजूंना माना टाकलेली सूर्यफुलं आणि मका. गाव डॅन्यूबच्या काठी आहे, रणांगण मात्र गावाबाहेर, शातोरहेय नावाच्या खेड्याजवळ. २९ ऑगस्ट १५२६ रोजी तुर्कांच्या सुलतान सुलेमानच्या फौजेपुढे हंगेरीचं सैन्य इथे काही तासांत संपलं. वीस वर्षांचा राजा लायोश दुसरा माघार घेताना चेले नावाच्या ओढ्यात बुडून मेला. पुढे १५४१ मध्ये बुडाही गेलं, ते १६८६ पर्यंत तुर्कांकडेच राहिलं. त्याच १५२६ च्या एप्रिलात आपल्याकडे पानिपतची पहिली लढाई झाली होती.

पाच सामूहिक कबरी सापडल्या आहेत तिथे. त्यांच्यावर गवत वाढू दिलंय आणि गवतात कोरीव लाकडी खांब उभे केलेत. काही खांब माणसासारखे वाकलेले, काही घोड्याच्या मानेसारखे. लाकूड उन्हापावसाने राखाडी पडलंय, भेगांत मुंग्या. एका खांबावर मी हात ठेवला, तो उन्हाने तापलेला होता.

तिथे मला विश्वासराव आठवला. १४ जानेवारी १७६१. तोही असाच कोवळा. आपल्याकडे अजून कुणी सहज म्हणतं, विश्वास तर पानिपतातच गेला. निवडणूक हरली की पानिपत झालं, सामना हरला की पानिपत झालं. आपण ते नाव घेतो ते हार केवढी मोठी झाली हे सांगायला. जॅमची बाटली फुटल्यावर पोरीच्या पाठीवरून हात फिरवत 'पानिपतात याहून जास्त गेलं गं' असं मराठीत मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. हंगेरीच्या लोकांनी त्या मैदानाची फुंकर केली आहे, आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटला. पण त्या खांबांमध्ये उभं राहून ते वाक्य मी उच्चारू शकले नाही. नेनींनी पसरलेले दोन्ही हात डोळ्यांपुढे आले.

परत गावात आले तेव्हा भूक लागली होती. नदीजवळच्या एका खाणावळीत माशाचं सूप मागवलं. पाप्रिकाने लालभडक झालेलं, छोट्या कढईतच आणून देतात. वाढणारा मुलगा विशीतला. कढई टेबलावर ठेवताना कलली आणि पळीभर सूप माझ्या पांढऱ्या ओढणीवर. तो पार गोंधळला. बोचानात, बोचानात म्हणत फडकं शोधायला लागला, कान लाल झालेले.

मी म्हटलं, त्योब्ब इश वेसेत्त.

मोहाचनाल म्हणायच्या आधीच तो थांबला. फडकं हातात तसंच. माझ्याकडे पाहिलं, आणि मग बोट खाली जमिनीकडे करून हळूच म्हणाला, "इत्त."

इत्त म्हणजे इथं. तो शब्द मला कुणाला विचारावा लागला नाही.

मी सूप सगळं संपवलं. ओढणीवरचा डाग अजून गेलेला नाही.