जुन्या ४०७ च्या पोटाखालचा गंज

आमची टाटा ४०७ ही छोटी मालवाहू गाडी १९९८ सालची आहे. वडिलांनी ती मासळीच्या वाहतुकीसाठी घेतली आणि आजही ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला मासळी नेते. इंजिनाचे काम आजवर दोनदा निघाले, गिअरबॉक्स एकदा उघडावा लागला. परंतु या गाडीने मला खऱ्या अर्थाने काळजीत टाकले ते चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, गंजाने.

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचे पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, दरवर्षी करावे लागते. अशाच एका पासिंगच्या तयारीसाठी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली होती. खालून पाहिले तर सगळे काळेभोर आणि नीटनेटके दिसत होते, कारण दोन वर्षांपूर्वी एका वॉशिंग सेंटरवर मी तिला खालून डांबरी कोटिंग मारून घेतले होते. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे हातोडीने ठोकत जायला सुरुवात केली. पुढच्या बाजूला टणटण आवाज येत होता. हौद्याच्या, म्हणजे माल ठेवायच्या जागेच्या, मागच्या भागाखाली आल्यावर तो एकदम बसका झाला. त्यांनी तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तर काळ्या थराला चीर पडून तो मागच्या क्रॉस मेंबरमध्ये, म्हणजे चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीत, अर्धा आत गेला. थर ओढून काढला तेव्हा त्याला चिकटून तपकिरी पापुद्रे खाली पडले, बोटांनी चुरा होईल असे, आणि त्यांच्यामागे ओल होती. गाडी सकाळी धुऊन दुपारी तिच्यावर कोटिंग मारले गेले होते. आतले पाणी, मीठ आणि आधीचा गंज तसाच कोंडला गेला आणि दोन पावसाळे तो डांबराच्या आड वाढत राहिला. उघडे लोखंड गंजले असते तर मला निदान दिसले तरी असते.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरून चाललो आहे: कोटिंग कोणते लावायचे हा नंतरचा प्रश्न आहे, पाणी कुठून येते आणि कुठे साचते हे आधी शोधले पाहिजे.

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि हवेतला प्राणवायू पुरेसे असतात. मीठ त्यात दोन प्रकारे भर घालते. मिठाच्या पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो, त्यामुळे गंजण्याची रासायनिक क्रिया वेगाने होते. शिवाय मीठ हवेतली ओल स्वतःकडे ओढते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते तर बऱ्यापैकी कोरड्या हवेतसुद्धा ओलसर राहतात. म्हणून किनाऱ्यावरची गाडी उन्हात उभी असूनही खालून पूर्ण सुकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, ही दुसरी अडचण. दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेटने जोडलेल्या असतात तिथे किंवा स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे तो शिरला, की पट्ट्या फाकवत जातो, फट रुंदावते आणि तिच्यात आणखी पाणी बसते.

आमच्या गाडीत हे पाणी वरूनच येत होते. मासळीच्या क्रेटमधला बर्फ वितळतो आणि ते खारट, रक्तमिश्रित पाणी हौद्याच्या पत्र्यावरून मागे वाहत जाते. निचऱ्याचे भोक नेमके मागच्या क्रॉस मेंबरच्या वर होते, म्हणजे घाट चढताना सतत त्या एकाच जागी धार लागत असे. क्रॉस मेंबर बदलण्याआधी मी ते भोक वेल्डिंगने बंद करून घेतले, निचरा बाजूला घेतला आणि रबरी नळी जोडून पाणी एका बंद टाकीत सोडले. रस्त्यावर मासळीचे पाणी सांडले की मागून येणाऱ्या दुचाकी घसरतात, त्यामुळे ही टाकी तशीही हवीच होती. गंज थांबवण्यासाठी मी जे काही केले, त्यांत सर्वांत उपयोगी ठरलेले काम हेच.

साफसफाईला मला चार दिवस लागले आणि ते मला अजिबात जास्त वाटत नाहीत. आधी स्टेपनी काढली, मडगार्ड उतरवले, आणि चेसिसच्या आडव्या भागांवर साचलेली लाल माती खरवडून काढली. कोकणातली ही चिकट माती एकदा कोपऱ्यात बसली की ओल्या फडक्यासारखी महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवते. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोकेही तिनेच बुजतात. मग गोड्या पाण्याने खालून धुतले. आमच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी मचूळ आहे, ते यासाठी मी वापरत नाही. धुतल्यानंतर गाडी दोन दिवस उन्हात आणि वाऱ्यावर उभी ठेवली. नंतर ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून सुटा गंज काढला. या ब्रशच्या तारा तुटून उडतात, म्हणून चष्मा आणि जाड कपडे घातल्याशिवाय कोणी याला हात लावू नये.

चेसिस नंबर कोरलेली जागा मी मऊ ब्रशने हातानेच साफ केली. तिथे ग्राइंडर लागला आणि आकडे पुसट झाले तर पासिंगला गाडी अडकते. त्या जागेवर रंगाऐवजी ग्रीसचा हात फिरवून ठेवतो, म्हणजे पुसले की आकडे वाचता येतात.

एवढे करूनही खाचाखोचांत थोडा गंज राहतोच. तिथे मी टॅनिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण ब्रशने लावले. काही वेळाने तांबूस डाग निळसर काळे पडतात. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत, तीही हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोह यांच्या याच मिलाफातून तयार होई. हे द्रावण पातळ गंजावर काम करते. जाड पापुद्र्यांवर ओतले तर फक्त वरचा थर काळा होतो आणि खालचा तसाच राहतो.

रेड ऑक्साइडबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे. अनेकजण चेसिसला नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी रस्त्यावर आणतात. तो अस्तराचा रंग आहे, पाणी फार काळ अडवत नाही. त्याच्यावर इनॅमल किंवा इपॉक्सीचे दोन हात हवेतच. झिंकचे, म्हणजे जस्ताचे, प्रमाण जास्त असलेला प्रायमर चांगला, पण जस्ताचा लोखंडाशी थेट संपर्क आला तरच तो लोखंडाला वाचवतो, म्हणून मी तो फक्त नव्या क्रॉस मेंबरच्या चकचकीत पत्र्यावर वापरला. तो क्रॉस मेंबर आम्ही बोल्टने बसवला. चेसिसच्या लांब पट्ट्यांच्या वरच्या-खालच्या कडांना वेल्डिंग करणे किंवा भोक पाडणे टाळावे, कारण सर्वांत जास्त ताण तिथेच असतो.

रंग वाळल्यावर सांधे, रिव्हेटच्या रांगा आणि केबिनच्या पोकळ कडा यांत मेणयुक्त कोटिंग लांब नळीने फवारले. ते कडक होत नाही, त्यामुळे चेसिस पिळवटली तरी त्याला भेगा जात नाहीत आणि ओरखडा पडला तर थोडेफार पसरून तो झाकतो. वडील जळके ऑइल आणि डिझेल मिसळून मारत असत, आणि अजूनही कित्येक गाड्यांना तेच मारले जाते. गंज त्याने काही काळ थोपतो हे खरे, परंतु जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले आम्ल उतरलेले असते, रबरी बुश आणि होज त्याने फुगतात आणि पहिल्या पावसात ते ओढ्यात जाते. मी ते बंद केले आहे.

कोणतेही कोटिंग मारताना सायलेन्सर, ब्रेक ड्रम, प्रॉपेलर शाफ्ट, रबरी बुश आणि डिफरन्शिअलचे हवेचे छिद्र कागदाने झाकून घ्यावे. ब्रेकचे पाइप मात्र एकेक क्लिप सोडवून पाहावेत. क्लिपखाली ओल दडून राहते. आमचा एक पाइप वरून ठीक दिसत होता आणि क्लिपखाली नखाने खरवडता येईल इतका खाल्लेला होता. ४०७ चे ब्रेक हायड्रॉलिक असल्याने तो घाटात फुटला असता तर काय झाले असते याचा विचारही नको वाटतो. सगळे पाइप त्याच दिवशी बदलले.

आता दरवर्षीचा क्रम ठरलेला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि गाडी उभी राहते. खारट अंगाने उभी राहिलेली गाडी या दोन महिन्यांत जितकी गंजते तितकी वर्षभर धावूनही गंजत नाही. म्हणून मे महिन्यातली शेवटची खेप संपली की मी ती आधी गोड्या पाण्याने धुतो, कडकडीत सुकवतो, हातोडी घेऊन मागून पुढे ठोकत जातो आणि सांध्यांत मेणाचा नवा हात देतो. मिरगाचा पाऊस यायच्या आत ती फरशीवर, छपराखाली असते. शेणामातीच्या जमिनीवर मी ती उभी करीत नाही, कारण जमिनीतून वर येणारी वाफ रात्रभर चेसिसला लागते. या मे महिन्यात डाव्या शॅकलजवळ, म्हणजे स्प्रिंग चेसिसला जोडणाऱ्या कडीजवळ, आठ आण्याच्या नाण्याएवढा एक डाग सापडला. तो घासून, रंगवून झाला आहे. नारळी पौर्णिमेला गाडी बाहेर काढताना पहिल्यांदा तोच पाहायचा आहे.