समुद्र समोर आहे, पण पोहता येतं का?

अंदमानची तिकिटं काढली की ओळखीपाळखीतलं कोणीतरी फोन करतंच, आणि प्रश्न बहुधा हाच असतो: "हॅवलॉकला अगदी समुद्रालगतचं हॉटेल सांगा ना. पोरांना खोलीतून उठून थेट पाण्यात जाता आलं पाहिजे." तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

हॅवलॉक बेटाचं नाव 2018च्या अखेरीस स्वराज द्वीप झालं, पण बोलण्यात अजून हॅवलॉकच आहे. तिथे समुद्रालगतच्या खोल्या मुख्यतः पूर्वेला आणि पोहायचा समुद्र पश्चिमेला, अशी एकंदर वाटणी आहे. जेट्टीवरून गोविंदनगरच्या बाजारात आलात की रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता किनाऱ्याने विजयनगर, म्हणजे पाच नंबर बीच, करत काला पत्थरकडे जातो. बहुतेक रिसॉर्ट्स याच पट्ट्यात आहेत. दुसरा रस्ता बेटाच्या पलीकडच्या अंगाला, सात नंबरच्या राधानगरला उतरतो.

विजयनगरचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. समुद्री महुआच्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या, खाली काचेसारखं निळंहिरवं पाणी. फोटो खरे आहेत, फक्त ते भरतीच्या वेळी काढलेले असतात. या बाजूला किनाऱ्यालगत प्रवाळाचं उथळ पठार आहे. ओहोटीला पाणी मागे मागे सरकत जातं आणि उघडे पडतात खडक, मेलेलं प्रवाळ आणि चिखलट वाळू. तेव्हा मुलं खेकडे बघत तासन्‌तास रमतात, पण पोहायला पाणी गुडघ्याएवढंही नसतं. पठारावरून अनवाणी चालत खोल पाण्याकडे जायचा हट्ट करू नये. पाय कापतात, आणि जिवंत प्रवाळ तुडवलं जातं ते वेगळंच.

भरतीला मात्र हाच किनारा लहान मुलांसाठी उत्तम असतो. वारा पडलेला असेल तर लाट जवळपास नसतेच. म्हणून कुठलं हॉटेल घ्यायचं हे ठरवण्याआधी तारखा कुठल्या ते बघा. आम्ही अलिबागची माणसं. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी गाठावी लागते, त्यामुळे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय लहानपणापासूनची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित आपल्या किनाऱ्याचं, ते अंदमानला लावू नका. पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्री विजयपुरमच्या) भरती-ओहोटीच्या वेळा इंटरनेटवर सहज मिळतात; हॅवलॉक तिथून फार लांब नाही, त्या चालतात. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग (म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी), हा नियम तिकडेही तोच. उधाणाच्या दिवसांत पाणी सगळ्यात वर चढतं आणि ओहोटीला सगळ्यात लांबही जातं.

दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. पूर्वेच्या किनाऱ्यावर पोहायचं तर भरतीच्या आधीचे-नंतरचे दीड-दोन तास तुमचे. आता समजा, भरती सकाळी सहाला आणि मग संध्याकाळी साडेसहाला आली, तर सगळा दिवस समोर खडक बघण्यात जातो. शिवाय अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला असून घड्याळ तेच, त्यामुळे हिवाळ्यात पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. संध्याकाळची भरती पोहण्याच्या उपयोगाची नाही.

राधानगरला ही भानगड नाही. तिथे लांबच लांब वाळू आहे, उतार बेताचा आहे, आणि ओहोटीलाही पाण्यात उतरता येतं. जीवरक्षक असतात, पोहायची जागा आखलेली असते. 2020 मध्ये या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं. पण पश्चिमेकडे तोंड असल्याने मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा थेट अंगावर येतात. त्या दिवसांत लाल बावटा दिसला की वाळूवर बसून भजी खावीत. आणि आखलेल्या जागेबाहेर, विशेषतः टोकाच्या खाडीकडे, जाऊ नये. 2010 मध्ये तिथे स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीने जीव घेतला. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानच्या खारफुटीत राहतातच. असं रोज घडत नाही, पण ओढा किंवा खाडी जिथे समुद्राला मिळते त्याच्या शेजारचं हॉटेल मी पोरांसाठी निवडणार नाही, मग ते कितीही सुंदर असो.

राधानगरला राहायची सोय मोजकीच, त्यातली समुद्रालगतची महागडी. परवडत असेल तर तिथेच राहा. नसेल तर मी काय करते ते सांगते: गोविंदनगर-विजयनगर पट्ट्यात रस्त्याच्या आतल्या अंगाची साधी, स्वच्छ खोली घेते आणि वाचलेल्या पैशांतून स्कूटर. राधानगर दहा-बारा किलोमीटर, रस्ता जंगलातून. सकाळी लवकर जावं. दुपारनंतर दिवसाच्या सहलींची गर्दी होते. समोर समुद्र असलेल्या खोलीचे जादा पैसे मी फक्त आईबाबा बरोबर असतील तेव्हा देते. त्यांना पाण्यात उतरायचं नसतं, व्हरांड्यात चहा घेत सूर्योदय बघायचा असतो, आणि तो पूर्वेलाच होतो.

नील, म्हणजे शहीद द्वीप, कोणी विचारलं तर तिथेही हेच. जेट्टीजवळचं भरतपूर उथळ आणि शांत, मुलांना छान, पण ओहोटीला तिथेही पाणी उरत नाही आणि बोटींची ये-जा फार. लक्ष्मणपूरला सूर्यास्त बघा.

हॉटेलला फोन कराल तेव्हा "बीचफ्रंट आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "ओहोटीच्या वेळचा समोरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा" म्हणा. एका ठिकाणी मी असा फोटो मागितला, तर मला स्विमिंग पूलचा फोटो आला. दुसरीकडच्या बंगाली मालकाने मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, "दीदी, नहाने का तो राधानगर जाना पड़ेगा." आम्ही त्याच्याकडेच राहतो.