उजेडाची जागा आधी राखायची

बारा रंगांच्या पेटीतली पांढरी पेन्सिल वर्ष संपलं तरी जवळपास तेवढीच उंच उरते. असं का होतं, ते मला माझ्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी शिकवलं. आज मी जळगावच्या सराफ बाजारासाठी दागिन्यांची डिझाइन्स काढते आणि त्या शिकवणुकीवाचून माझा एकही कागद पुरा होत नाही.

रंगीत पेन्सिलीच्या शिशात रंगाची पूड मेणात किंवा तेलात बांधलेली असते. तिचा थर कागद झाकून टाकत नाही, खालचं दिसू देतो. त्यामुळे गडद रंगावर पांढरी पेन्सिल फिरवली तर तो रंग दुधाळ आणि गुळगुळीत होतो, लख्ख पांढरा होत नाही. खोडरबरानेही रंग पूर्ण निघत नाही, फिकट डाग राहतोच. पोस्टर कलरमध्ये सगळ्यात शेवटी पांढरा ठिपका ठेवता येतो, ती सोय इथे नाही. म्हणून सर आधी चकाकीची जागा अगदी हलक्या रेघेने आखून घ्यायला लावत आणि म्हणत, "एवढा कागद कोरा राहू दे. त्याहून पांढरं तुझ्या पेटीत काही नाही."

एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेतल्या वस्तुचित्राची तयारी करताना टेबलावर आपल्याच घरातल्या वस्तू मांडलेल्या असत: बामणोद गावचं हिरवं भरिताचं वांगं, केळ्यांची फणी, पितळेचा तांब्या, मातीचं मडकं. या चार वस्तूंनी मला जे दाखवलं ते पुढे कोणत्याही पुस्तकात इतकं स्वच्छ भेटलं नाही. वांग्याची साल तुकतुकीत असते. तिच्यावर वर्गाची खिडकीच उमटते, कडा स्पष्ट आणि वांग्याच्या फुगवट्याबरोबर वाकलेली. ती जागा अगदी कोरी ठेवायची आणि तिच्या कडेलाच हिरवा गडद करायचा, कारण शेजारी गडद असल्याखेरीज पांढरं चमकत नाही. केळ्यावर तसं नाही. तिथे लांबट, मऊ उजेड असतो, त्याला कडाच नाही. पेन्सिलीवरचा दाब हळूहळू कमी करत तो पिवळ्यात विरू द्यायचा. मडक्यावर तर तो इतका पसरतो की कोरं काहीच उरत नाही, फक्त विटकरी रंग फिका होतो.

आणि तांब्या! धातूची चकाकी धातूचाच रंग घेते, म्हणून पितळेवर ती पिवळसर दिसते. तिला लागूनच गडद तपकिरी पट्टा असतो, जवळजवळ काळा. तो पट्टा काढायला आम्ही मुलं बिचकायचो, पण तो आला की तांब्या पितळेचा व्हायचा.

पानाच्या बारीक शिरांसाठी सरांची एक युक्ती होती. संपलेल्या बॉलपेनची रिफिल कागदावर दाबून रेघ ओढायची, मग वरून पेन्सिल आडवी फिरवायची. रंग त्या खाचेत उतरत नाही आणि शीर पांढरी उमटते.

शाळेची सहल पहूर-फर्दापूरमार्गे अजिंठ्याला गेली, तेव्हा पहिल्या लेण्यातल्या चित्रात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या नाकावरचा उजेड सरांनी मुद्दाम दाखवला. तिथल्या चित्रकारांचा रंग झाकणारा होता, त्यांना उजळ रंग वरून चढवता आला. साधन बदललं की उजेडाची वाट बदलते, हे तिथे उभ्याउभ्या कळलं.

हल्ली मी पुष्कळदा करड्या कागदावर काम करते. तिथे कागद मधल्या छटेचा असतो, त्यामुळे पांढरी पेन्सिल खरोखर पांढरी दिसते. मोत्याची तकाकी त्यावर फार सुंदर उतरते. सोन्याला मात्र मी शुद्ध पांढरा अगदी टोकाला, टिंबाएवढाच देते. बाकी सगळा उजेड फिकट पिवळ्याचा.

पोहेहार म्हणजे पोह्याच्या आकाराच्या सोन्याच्या तुकड्यांचा हार. तो काढताना प्रत्येक पोह्यावर ही चकाकी एकाच बाजूने यावी लागते. कुठे रुंद, कुठे केसाएवढी. कारागीर माझ्या कागदावर आधी तेवढंच बघतो. चकाकी पसरट असेल तिथे तो पत्रा जवळपास सपाट ठेवतो आणि बारीक, धारदार असेल तिथे फुगवटा उठवतो. मापाचे आकडे तो नंतर विचारतो.